‘बदल_वेळ’ पाहून नोंदी आणताना काही नोंदी कायमच्या निसटतात: कारण आणि उपाय हवा आहे

राजवाडा_पश्चिम (धागाकर्ता)

नमस्कार. मी इंदूरला दवा बाजारातल्या एका घाऊक औषध विक्रेत्याकडे संगणकाचे काम सांभाळतो. आमचे बिलिंग पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते, आणि काउंटरवरच्या मुलांना औषध, बॅच, मुदत व शिल्लक झटकन सापडावी म्हणून तीच माहिती आम्ही इलास्टिकसर्च या शोधाच्या साधनात आणून ठेवतो. सगळे टेबल दर वेळी उचलणे परवडत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी एक प्रोग्राम चालतो आणि ज्या नोंदींच्या ‘बदल_वेळ’ या स्तंभातली वेळ मागच्या फेरीपेक्षा पुढची आहे, तेवढ्याच नोंदी उचलतो. उचललेल्या नोंदींपैकी सर्वांत पुढची वेळ एका फाइलीत लिहून ठेवली जाते. तिला आम्ही ‘खूण’ म्हणतो. पुढची फेरी त्या खुणेपासून सुरू होते. ‘बदल_वेळ’ भरण्याचे काम एक ट्रिगर (नोंद बदलताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) करतो. तो बिलिंगच्या सॉफ्टवेअरबरोबरच आलेला आहे.

दीड वर्ष हे सुरळीत चालले, निदान मी तसे समजत होतो. गेल्या महिन्यात एका उत्पादकाने एका गोळीची बॅच परत मागवली. गोदाम सांभाळणाऱ्या ताईंनी त्या बॅचच्या सगळ्या गोदामांतल्या ४६ नोंदी एकाच वेळी ‘विक्री बंद’ केल्या. दुपारी काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, शोधात माल दिसतो आहे, पण बिल बनत नाही.’ बिलिंग मूळ डेटाबेस थेट वाचते, म्हणून एकही स्ट्रिप दुकानाबाहेर गेली नाही. तरीही परत मागवलेली बॅच आमच्या पडद्यावर चार तास विक्रीयोग्य दिसत राहिली, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

तपासात जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो. त्या ४६ नोंदींची ‘बदल_वेळ’ सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे १० सेकंद अशी आहे, आणि ती सगळ्या नोंदींवर मायक्रोसेकंदापर्यंत एकसारखी आहे. प्रोग्रामच्या लॉगमध्ये ११:४४, ११:४६ आणि ११:४८ या तिन्ही फेऱ्या विनातक्रार झाल्या आहेत आणि प्रत्येक फेरीत इतर नोंदी आलेल्या आहेत. त्या ४६ पैकी मात्र एकही आली नाही, आणि नंतरच्या कोणत्याही फेरीत आली नाही. नेटवर्क तुटलेले नव्हते, प्रोग्रामने चूक नोंदवलेली नव्हती. मग या नोंदी गेल्या कुठे?

महू_नाका

असे काही घडले की मी पहिला संशय सीमेवर घेतो. तुमची क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) ‘खुणेपेक्षा मोठी’ अशी तुलना करते की ‘खुणेएवढी किंवा मोठी’ अशी?

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये स्तंभाला अपूर्णांक सेकंद सांगितले नसतील, तर वेळ पूर्ण सेकंदातच साठते. अपूर्णांक ठेवण्याची सोयच मुळी ५.६.४ या आवृत्तीत आली. समजा एका सेकंदात पाच नोंदी लिहिल्या गेल्या आणि तुमची क्वेरी तिसऱ्या नोंदीनंतर धावली. खूण त्या सेकंदावर जाऊन बसते, आणि उरलेल्या दोन नोंदी ‘खुणेपेक्षा मोठ्या’ नसल्याने पुढे कधीच येत नाहीत. ‘एवढी किंवा मोठी’ केले, तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी दर फेरीला पुन्हा येत राहतात. रात्री दुकान बंद असतानाही त्याच त्या येतात. यावरचा चांगला उपाय म्हणजे वरची मर्यादाही घालणे: खुणेपेक्षा मोठी आणि आत्ताच्या क्षणापेक्षा लहान. म्हणजे जो सेकंद अजून संपलेला नाही त्याला हात लागत नाही, आणि संपलेल्या सेकंदातल्या सगळ्या नोंदी एकदम येतात.

राजवाडा_पश्चिम

आभारी आहे. तुलना ‘खुणेपेक्षा मोठी’ अशीच आहे आणि वरची मर्यादा नाही. ती आजच घालतो. पण आमचा स्तंभ मायक्रोसेकंदाचा आहे, आणि ११:४४ च्या फेरीनंतर खूण ११:४३:५१ वर होती. निसटलेल्या नोंदी सीमेवर नव्हत्या, सीमेच्या दीड मिनिट आत होत्या.

लोकमान्यनगर

आपण दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. ४६ नोंदींवर मायक्रोसेकंदापर्यंत एकच वेळ कशी येईल? ४६ नोंदी लिहायला थोडा तरी वेळ लागतोच. एकच वेळ आली, याचा अर्थ ट्रिगर ‘नाऊ’ हे फंक्शन वापरतो. पोस्टग्रेसमध्ये ‘नाऊ’ म्हणजे या क्षणाची वेळ नव्हे. ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा संच, सुरू झाल्याची वेळ देते आणि ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तीच वेळ देत राहते.

आता आपल्या घड्याळावर पाहू. ट्रान्झॅक्शन ११:४२:१० ला सुरू झाले. माझा अंदाज आहे की बॅच बंद करताना गोदामवार शिल्लक पुन्हा मोजली जात असावी आणि त्याला काही मिनिटे लागत असावीत. ११:४४ च्या फेरीला या ४६ नोंदींचा बदल दिसणे शक्यच नव्हते, कारण तो कमिट, म्हणजे पक्का, झालेला नव्हता. त्याच फेरीत दुसऱ्या बिलांच्या नोंदी आल्या आणि खूण ११:४३:५१ वर गेली. पुढे केव्हातरी मोठे ट्रान्झॅक्शन कमिट झाले आणि ४६ नोंदी अंगावर ११:४२:१० ही वेळ घेऊन प्रकट झाल्या. म्हणजे खूण पुढे निघून गेल्यानंतर तिच्या मागे. पुढची प्रत्येक फेरी खुणेच्या पुढेच पाहते, त्यामुळे त्या कुणालाच दिसल्या नाहीत.

स्तंभातली वेळ नोंद लिहिल्याची असते, इतरांना दिसू लागल्याची नसते. या दोन क्षणांमध्ये अंतर आहे, आणि त्या अंतरात खूण पुढे सरकली तर नोंद हरवते. क्रमांकावर चालणाऱ्या इम्पोर्टलाही हीच भेग असते: सीक्वेन्सने १०१ क्रमांक आधी दिला आणि १०२ नंतर, तरी १०२ आधी कमिट होऊ शकतो.

महू_नाका यांनी सुचवलेली ‘आत्ताच्या क्षणापेक्षा लहान’ ही मर्यादा सेकंदाच्या प्रश्नावर बरोबर आहे, पण इथे तिचा उपयोग होणार नाही, कारण ११:४२:१० ही वेळ ११:४४ पेक्षा लहानच आहे.

राजवाडा_पश्चिम

सर्व्हरच्या लॉगमध्ये आत्ताच पाहिले. ते ट्रान्झॅक्शन ११:४६:५५ ला कमिट झाले आहे; शिल्लक पुन्हा मोजण्यालाच बहुतेक वेळ गेला. आपला अंदाज तंतोतंत खरा निघाला. मनःपूर्वक आभार.

आता उपाय. खूण नेहमी दहा मिनिटे मागे ठेवायची, हा विचार मनात आहे. त्याच नोंदी पुन्हा आल्या तरी चालेल, कारण इलास्टिकसर्चमध्ये दस्तऐवजाची ओळख म्हणून आम्ही नोंदीचाच क्रमांक देतो. पुन्हा आलेली नोंद जुनीवर लिहिली जाते, दुप्पट होत नाही. हे पुरेल का?

सुखलिया

खूण मागे ठेवणे आणि वरची मर्यादा मागे ठेवणे, हे दोन वेगळे उपाय आहेत. दर फेरीला मागची दहा मिनिटे पुन्हा वाचली, तर नवी नोंद दोन मिनिटांत पोहोचते आणि उशिरा प्रकटलेलीही सापडते. किंमत एवढीच की तीच नोंद चार-पाचदा वाचली जाते. वरची मर्यादाच दहा मिनिटे मागे घेतली, तर वाचन एकदाच होते, पण प्रत्येक नोंद दहा मिनिटे शिळी पोहोचते. काफ्का कनेक्ट या माहिती वाहून नेणाऱ्या साधनाच्या जेडीबीसी सोर्समध्ये (डेटाबेस वाचणाऱ्या भागात) असा विलंब मिलिसेकंदांत सांगण्याची सेटिंग आहे, ती या दुसऱ्या प्रकारची. काउंटरसाठी पहिला प्रकार बरा.

आणि ‘बदल_वेळ’वर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे ना, हे पाहून घ्या. तो नसेल, तर दर दोन मिनिटांनी पूर्ण टेबल वाचले जाईल आणि इन्क्रिमेंटल इम्पोर्टचा, म्हणजे फक्त बदललेल्या नोंदी आणण्याचा, मूळ हेतूच राहणार नाही.

लोकमान्यनगर

दहा मिनिटे हा अंदाज आहे, आणि परत मागवलेल्या औषधाच्या बाबतीत मी अंदाजावर विसंबणार नाही. महिनाअखेरीस एखादे ट्रान्झॅक्शन बारा मिनिटे चालले, तर पुन्हा तेच होईल. सर्वांत जुने चालू ट्रान्झॅक्शन केव्हा सुरू झाले, हे पोस्टग्रेस स्वतः सांगते. चालू कनेक्शनांची माहिती देणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शनची सुरुवात नोंदलेली असते. त्यातली सर्वांत लहान वेळ आधी वाचा, तिला वरची मर्यादा माना, आणि त्यानंतरच मुख्य क्वेरी चालवा. हा क्रम उलटा झाला तर उपाय व्यर्थ जातो. त्या मर्यादेच्या मागे कोणतेही अपूर्ण काम उरलेले नसते, म्हणून खूण तिथपर्यंत निर्धास्त न्यावी. सुखलिया म्हणतात तसा ताजेपणाही हवा असेल, तर मर्यादेच्या पुढच्या नोंदी उचलाव्यात, पण खूण त्यांच्यापर्यंत पुढे नेऊ नये.

यात तीन ठिकाणी मी स्वतः अडखळलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले ठिकाण परवानगीचे. साध्या वापरकर्त्याला या व्ह्यूमध्ये दुसऱ्यांच्या कनेक्शनांची सुरुवातीची वेळ दिसत नाही. तिथे नल (रिकामी किंमत) येते. सर्वांत लहान किंमत काढताना नल वगळली जाते, त्यामुळे क्वेरी बिनतक्रार चालते आणि चुकीची मर्यादा देते. आवृत्ती १० पासून पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स ही भूमिका उपलब्ध आहे. इम्पोर्टच्या वापरकर्त्याला ती दिल्याशिवाय हा उपाय अमलात आणूच नये.

दुसरे ठिकाण म्हणजे उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन. कुणी डेटाबेसच्या खिडकीत ट्रान्झॅक्शन सुरू करून जेवायला गेले, तर मर्यादा तिथेच अडकते आणि खूण पुढे सरकत नाही. इथे इम्पोर्ट थांबतो, पण नोंद हरवत नाही, आणि माझ्या मते थांबणे केव्हाही बरे. काम न करता उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनला ठरावीक वेळाने तोडणारी सेटिंग ९.६ पासून आहे. ती लावावी आणि खूण अर्धा तास हलली नाही तर स्वतःला निरोप येईल अशी व्यवस्था करावी.

तिसरे ठिकाण रात्रीचा बॅकअप. तो फक्त वाचतो, पण त्याचे ट्रान्झॅक्शन लांब असते आणि मर्यादेला धरून ठेवते. ‘ज्यांनी अजून काही लिहिलेले नाही अशी ट्रान्झॅक्शने वगळा’ असा मोह होतो. तसे करू नये, कारण आत्तापर्यंत न लिहिलेले ट्रान्झॅक्शन पुढच्या क्षणी लिहू शकते, आणि तेही जुनी वेळ लावून. बॅकअपसाठी वेगळा वापरकर्ता ठेवून तेवढाच नावाने वगळावा. ऑटोव्हॅक्यूमची (डेटाबेसच्या आपोआप चालणाऱ्या साफसफाईची) कामेही या यादीत दिसतात. ती कनेक्शनच्या प्रकारावरून बाजूला काढता येतात.

टिळकनगर

चर्चा उत्तम चालली आहे. एक बारीक गोष्ट जोडतो. धागाकर्त्यांच्या टेबलात ‘बदल_वेळ’ मागेही जाऊ शकते. लांब ट्रान्झॅक्शन ११:४२ ला सुरू झाले. ११:४३ ला एका छोट्या बिलाने शिल्लक बदलली आणि लगेच कमिट केली. ११:४५ ला लांब ट्रान्झॅक्शनने तीच नोंद बदलली आणि तिच्यावर ११:४२ लिहिले. नोंद नवी, वेळ जुनी.

इलास्टिकसर्चमध्ये जुन्या प्रतीने नवीवर लिहू नये म्हणून काही जण वेळेचाच आकडा बाह्य आवृत्ती (बाहेरून दिलेला क्रमांक; तो आधीपेक्षा लहान असला तर प्रत नाकारली जाते) म्हणून देतात. तसे केले असेल, तर तिथे खरी नवी नोंद नाकारली जाईल. म्हणून ट्रिगरमध्ये ‘नाऊ’ऐवजी ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प’ घालावे. ते त्या क्षणाची वेळ देते, आणि एका नोंदीवर एका वेळी एकच ट्रान्झॅक्शन लिहू शकत असल्याने त्या नोंदीपुरती वेळ पुढेच जाते. मात्र निसटण्याचा प्रश्न याने सुटत नाही, कारण लिहिणे आणि कमिट होणे यांतले अंतर तसेच राहते. लोकमान्यनगर यांची मर्यादा हवीच.

आवृत्तीची पद्धत वापरत असाल, तर तीच नोंद पुन्हा आल्यावर ‘संघर्ष’ अशी चूक येते. ‘तेवढीच किंवा मोठी’ स्वीकारणारा प्रकार निवडावा, म्हणजे लॉग अशा चुकांनी भरत नाही.

महू_नाका

पोस्टग्रेसबद्दल मी शिकलो, धन्यवाद. मायएसक्यूएलवाल्यांसाठी टाइम झोनची गोष्ट लिहून ठेवतो, कारण या पायी माझे दोन दिवस गेले आहेत. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प प्रकार आत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठतो आणि दाखवताना कनेक्शनच्या टाइम झोनमध्ये बदलून दाखवतो. डेटटाइम प्रकार मात्र जसा लिहिला तसा राहतो. आमचा स्तंभ डेटटाइम होता, त्यात भारतीय वेळ होती, आणि इम्पोर्टचा प्रोग्राम खूण यूटीसी समजून पाठवत होता. खूण साडेपाच तास मागे पडत होती. दर फेरीला साडेपाच तासांच्या नोंदी पुन्हा येत होत्या आणि सगळे बरोबर दिसत होते, फक्त सर्व्हर तापलेला असायचा. चूक उलट दिशेने झाली असती, तर निदान नोंदी न आल्याचे लगेच कळले असते.

लॉगस्टॅश हे इलास्टिकसर्चमध्ये माहिती आणणारे साधन वापरणाऱ्यांनी एक पाहावे. स्तंभाची किंमत वापरा असे स्पष्ट सांगितले नाही, तर तो मागची क्वेरी केव्हा चालली ती वेळ खूण म्हणून धरतो. ती वेळ डेटाबेसच्या घड्याळाची नसून लॉगस्टॅशच्या यंत्राची असते, आणि दोन यंत्रांची घड्याळे जुळलेली असतीलच असे नाही.

वाचक_इंदूर

मी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर काम करतो. तिथे ‘टाइमस्टॅम्प’ नावाचा प्रकार वेळ सांगतच नाही. तो रोव्हर्जन आहे, म्हणजे आठ बाइटांचा वाढत जाणारा आकडा. मात्र अपूर्ण ट्रान्झॅक्शनांपैकी सर्वांत लहान आकडा देणारे फंक्शन, मिन_ॲक्टिव्ह_रोव्हर्जन, तयार मिळते. वर जी मर्यादा चर्चेत आली, तीच ही.

माझा प्रश्न असा आहे. जी नोंद टेबलातून काढूनच टाकली, तिची वेळ कोण सांगणार?

सुखलिया

कोणीही सांगू शकत नाही. वेळेच्या स्तंभावर चालणाऱ्या पद्धतीची ही खरी उणीव आहे आणि ती क्वेरी बदलून भरून निघत नाही. नोंद काढण्याऐवजी ‘रद्द’ असा शेरा लावायचा आणि तो लावताना ‘बदल_वेळ’ही बदलायची, हा नेहमीचा मार्ग. सॉफ्टवेअर तसे करू देत नसेल, तर काढलेल्या नोंदींचे क्रमांक ट्रिगरने वेगळ्या टेबलात टिपावेत. तेही शक्य नसेल, तर रात्री दोन्हीकडच्या क्रमांकांची यादी ताडून पाहावी.

जोडलेल्या टेबलांचेही असेच आहे. औषधाचे नाव एका टेबलात आणि बॅच दुसऱ्यात असेल, तर नाव बदलल्यावर बॅचच्या नोंदीची वेळ हलत नाही. दोन्ही टेबलांना स्वतंत्र खुणा ठेवून, औषध बदलले की त्याच्या सगळ्या बॅच पुन्हा पाठवाव्या लागतात.

टिळकनगर

या सगळ्यावरचा मुळातला उपाय म्हणजे डेटाबेस स्वतः ठेवतो तो बदलांचा लॉगच वाचणे. डेबेझियमसारखी साधने पोस्टग्रेसचे लॉजिकल डिकोडिंग किंवा मायएसक्यूएलचा बिनलॉग वाचतात. त्यात बदल कमिटच्या क्रमाने येतात आणि काढलेल्या नोंदीही दिसतात. वेळेचा स्तंभच लागत नाही. शक्य असेल त्याने तिकडेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकमान्यनगर

मत मान्य आहे, पण त्याची किंमतही लिहायला हवी. वाचणारा प्रोग्राम बंद पडला, तर रिप्लिकेशन स्लॉट, म्हणजे वाचन कुठवर झाले हे लक्षात ठेवणारी पोस्टग्रेसची सोय, जुना लॉग सोडत नाही आणि डिस्क भरत जाते. बिलिंगच्या सर्व्हरची डिस्क भरली, तर दुकानच थांबेल. आवृत्ती १३ पासून स्लॉटला जागेची मर्यादा घालता येते, पण ती ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि सगळी माहिती पहिल्यापासून आणावी लागते. जिथे रात्रंदिवस लक्ष ठेवायला एकच माणूस आहे, तिथे मी आधी वेळेचा स्तंभ नीट लावीन.

राजवाडा_पश्चिम

सर्वांचे आभार. लॉग वाचण्यासाठी सर्व्हरची सेटिंग बदलून तो पुन्हा सुरू करावा लागतो, आणि बिलिंगवाल्यांनी त्याला नकार दिला. ट्रिगरमधले एक फंक्शन बदलायला मात्र त्यांनी लेखी होकार दिला.

काय केले ते सांगतो. प्रथम चूक मुद्दाम घडवून पाहिली. चाचणीच्या डेटाबेसवर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडे ट्रान्झॅक्शन सुरू करून एका बॅचची शिल्लक बदलली आणि कमिट न करता तशीच ठेवली. उजवीकडे दुसरी बॅच बदलून लगेच कमिट केली, जुना इम्पोर्ट चालवला, मग डावीकडे कमिट केले आणि इम्पोर्ट पुन्हा चालवला. उजवीकडची बॅच आली, डावीकडची आली नाही. दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा आली नाही. मग नवी मर्यादा घालून तेच केले, तेव्हा डावे ट्रान्झॅक्शन उघडे असेपर्यंत खूण जागची हलली नाही, आणि कमिट झाल्यावर दोन्ही बॅच दिसल्या. इम्पोर्टच्या वापरकर्त्याकडून पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स ही भूमिका काढून घेऊनही एकदा पाहिले: नोंद पुन्हा निसटली आणि लॉगमध्ये एक अक्षर उमटले नाही. म्हणून आता प्रोग्राम सुरू होतानाच भूमिका तपासतो आणि ती नसेल तर चालायलाच नकार देतो.

दुकानातला बदल होऊन नऊ दिवस झाले. रात्री बारानंतर प्रत्येक बॅचची शिल्लक आणि स्थिती दोन्हीकडून काढून ताडून पाहतो. आठ रात्री काहीही फरक आला नाही. काल २० नोंदींत फरक आला, आणि माझा जीव वरखाली झाला. त्या बिलिंगवाल्यांनी दुरुस्तीसाठी ट्रिगर बंद करून बदललेल्या होत्या, त्यामुळे त्यांची ‘बदल_वेळ’ तीन महिन्यांपूर्वीचीच राहिली होती. मी हाताने त्या २० नोंदी पुन्हा पाठवल्या आणि काउंटरवर जाऊन त्यांतल्या पाच बॅच स्वतः शोधून पाहिल्या. पाचही बरोबर दिसल्या. यापुढे ट्रिगर बंद करण्याआधी मला फोन करावा, असे त्यांना कळवले आहे.